लिंकन: वर कॅथीड्रल, खाली तळं

आपल्याकडून इंग्लंडला जाणाऱ्यांच्या यादीत लंडन, ऑक्सफर्ड, फार तर यॉर्क असतं. लिंकन क्वचितच. भाची तिथल्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकतेय, म्हणून मेच्या मध्यावर मी तिच्याकडे गेले. परत आल्यापासून इंग्लंडला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच शहर सुचवतेय. जुनी शहरं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी जुनं ते कुंपणाच्या आत असतं आणि माणसं कुंपणाबाहेर राहतात. लिंकनमध्ये रोमन वेशीखालून आजही मोटारी जातात, बाराव्या शतकातल्या पुलावर बसून चहा पिता येतो, किल्ल्याच्या आवारात कोर्ट भरतं, आणि कॅथीड्रलचा झिजलेला दगड बदलायला कॅथीड्रलच्या पदरी स्वतःचे पाथरवट आहेत.

शुक्रवार: सपाट मुलखातली टेकडी

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडी मिळाली तर दोन तासांच्या आसपास लागतात. थेट नसेल तेव्हा न्यूअर्कला गाडी बदलायची. न्यूअर्कनंतर जमीन अगदी सपाट होत जाते. मे महिन्यात रेपसीड फुललेलं असतं, त्यामुळे रुळांच्या दोन्ही बाजूंना पिवळंधमक शिवार. या सपाटीवर अचानक एक लांबट टेकडी उठते आणि तिच्या माथ्यावर तीन मनोरे दिसतात. गाडीतल्या समोरच्या आजींनी विणकाम मांडीवर ठेवून खिडकीकडे बोट दाखवलं. "आलं बघा घर," म्हणाल्या. त्या आयुष्यभर याच भागात राहिलेल्या. मनोरे दिसले की सामान आवरायला घ्यायचं, हा त्यांच्या आईपासूनचा शिरस्ता.

इथले लोक शहराचे दोन भाग करतात: अपहिल आणि डाउनहिल. खाली स्टेशन, बाजारपेठ, विदम नदी, ब्रेफर्ड पूल नावाचं तळं आणि विद्यापीठ. वर कॅथीड्रल, किल्ला आणि बेलगेट नावाचा जुना रस्ता. दोन्हींना जोडणाऱ्या वाटेचं नाव स्टीप हिल, आणि ती नावाप्रमाणेच चढी आहे. एका टप्प्यावर भिंतीला धरायला लोखंडी कठडा लावलाय. सामान घेऊन ही वाट चढायच्या भानगडीत पडू नका. स्टेशनवरून टॅक्सी करा, बॅगा ठेवा, मग हवं तितकं चढा-उतरा. राहायला शक्यतो वरच जागा बघा. संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे खाली उतरून गेले की वरच्या गल्ल्या तुमच्या एकट्याच्या असतात.

मी बेलगेटजवळ एका वृद्ध जोडप्याच्या घरी खोली घेतली होती. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. मी शाकाहारी आहे हे भाचीनं आधीच कळवलं होतं, त्यामुळे आजींनी सेजची पानं घातलेले बिनमांसाचे सॉसेज आणून ठेवले होते. लिंकनशायरच्या सॉसेजची ओळख म्हणजे ही सेजची चव. थोडी कडसर, थोडी कापराच्या अंगानं जाणारी. "ती नसेल तर आम्ही त्याला आमचं म्हणत नाही," आजी म्हणाल्या.

संध्याकाळी आठलासुद्धा लख्ख उजेड होता. भाची खालून चढून आली आणि आम्ही बेलगेटनं उत्तरेकडे निघालो. या रस्त्याच्या फरशीत मध्येच दगडांची वर्तुळं बसवलेली दिसतात. रोमन काळात इथे चौकाला लागून खांबांची रांग होती. जिथे जिथे खांब होता तिथे हे वर्तुळ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन सैन्याच्या नवव्या तुकडीनं या टेकडीवर तळ ठोकला. सैन्य पुढे सरकल्यावर त्याच शतकाच्या शेवटी इथे निवृत्त सैनिकांची वसाहत झाली, लिंडम कोलोनिया. लिंकन हे त्याचंच झिजलेलं रूप.

रस्त्याच्या टोकाला न्यूपोर्ट आर्च, वसाहतीची उत्तरेकडची वेस. तिसऱ्या शतकातली ही कमान बुटकी वाटते, कारण रोमन काळानंतर रस्त्याची पातळी दोन मीटरहून जास्त वर आली आहे. आपण पाहतो तो तिचा वरचा भाग. आम्ही उभ्या असताना खालून एक मोटार गेली, मग सायकलवरची दोन मुलं. रोमन रस्ता तिथून सरळ उत्तरेला हंबर नदीकडे जातो, आजही.

रात्री आजोबांना सांगितलं तर त्यांनी 1964 ची गोष्ट काढली. मासळीचा एक उंच ट्रक त्या कमानीत अडकला आणि दगड निखळले. आजोबा तेव्हा शाळेत होते. अख्खा वर्ग बघायला धावला होता. दगड परत जागेवर बसवले. 2004 मध्ये पुन्हा एका ट्रकनं धडक दिली, पुन्हा डागडुजी झाली. "मग वाहतूक बंद का नाही करत?" असं मी विचारलं. आजोबांना प्रश्नच कळेना. "वेस आहे ती. जायला-यायलाच बांधलीय."

शनिवार: कॅथीड्रल

सकाळी पाऊस. इथला मे म्हणजे आपला मे नव्हे, जाकीट हवंच. उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडवायला काही नाही, त्यामुळे टेकडीवर तो अंगात शिरतो. छत्रीपेक्षा टोपीवालं जाकीट बरं.

कॅथीड्रल आणि किल्ला मिळून एकत्र तिकीट असतं, ते घ्या. शनिवारी कॅथीड्रल, दुसऱ्या दिवशी किल्ला अशी वाटणी आम्हाला सोयीची पडली, कारण रविवारी प्रार्थनांमुळे पर्यटकांना कॅथीड्रलमध्ये कमी वेळ मिळतो.

पश्चिमेकडची दर्शनी भिंत पाहताना नजर आधी आडवी फिरते, मग वर जाते. मधला खडबडीत, खोल कमानींचा भाग सर्वांत जुना, रेमिजियस नावाच्या पहिल्या बिशपचा. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, आणि 1072 मध्ये या बिशपाचं पीठ दक्षिणेतल्या डॉर्चेस्टरहून इथे हलवलं गेलं. त्याच्या अखत्यारीतला प्रदेश हंबरपासून थेम्सपर्यंत पसरलेला होता. 1185 मध्ये भूकंपात इमारत दुभंगली. वाचली ती मुख्यतः ही पश्चिमेची बाजू. पुढच्याच वर्षी बिशप म्हणून आला फ्रान्समधला ह्यू, जो पुढे संत ह्यू झाला. त्यानं 1192 मध्ये नव्यानं बांधकाम सुरू केलं, आणि काम पुरं झालेलं पाहायला तो राहिला नाही. 1200 साली गेला.

दर्शनी भिंतीच्या दोन टोकांना दोन शिखरं आहेत. एकावर संत ह्यू. दुसऱ्यावर शिंग फुंकणारा एक साधा माणूस. तो स्टो गावचा डुकरं राखणारा गुराखी. आपली सगळी पुंजी, चांदीच्या नाण्यांची, त्यानं बांधकामाला दिली अशी गोष्ट सांगतात. म्हणून बिशपच्या तोडीस तोड उंचीवर, तितक्याच मानानं, तो उभा. ही गोष्ट मला दारातल्या एका स्वयंसेवक बाईंनी सांगितली. त्या पेशानं परिचारिका होत्या, आता आठवड्यातून दोनदा इथे येतात. "मी लोकांना आधी त्याला शोधायला लावते," त्या म्हणाल्या, "बिशप सगळ्यांना सापडतो."

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती लांबी. छत दूरवर धावत जातं आणि खांबांमधून उजेड कापत येतो. संत ह्यूच्या काळच्या भागात मान वर करून छताच्या कमानी बघा. इतरत्र त्या दोन्ही बाजूंनी सारख्या असतात. इथे एकीकडच्या पुढे, दुसरीकडच्या मागे, अशा तिरक्या गेल्या आहेत. कारागिरानं मुद्दाम केलेलं काम आहे, आणि पाहता पाहता छत हलतंय असं वाटायला लागतं. मी तिथे बाकावर बराच वेळ बसले.

मधल्या चौकात उभं राहिलं की दोन्ही हातांना दोन गोल खिडक्या. उत्तरेची डीन्स आय, म्हणजे डीनचा, कॅथीड्रलच्या प्रमुख पाद्र्याचा, डोळा. तिच्यात तेराव्या शतकातली मूळ काच पुष्कळ टिकून आहे. दक्षिणेची बिशप्स आय, बिशपाचा डोळा. तिची जाळी पानांच्या शिरांसारखी, आणि तिच्यात आज आहेत ते जुन्या काचांचे वाचलेले तुकडे, कशाचाही कशाला संबंध नाही असे जोडलेले. त्यातून चित्र उभं राहत नाही. पण पाऊस थांबून ऊन आलं तेव्हा समोरच्या खांबावर जे रंग पडले, त्यांच्यापुढे मला उत्तरेची शाबूत खिडकी फिकी वाटली.

या चौकाच्या डोक्यावरच्या मनोऱ्याला 1311 मध्ये शिसं मढवलेला लाकडी कळस चढला. त्याची एकूण उंची साधारण 160 मीटर होती असं मानलं जातं. म्हणजे गिझाच्या पिरॅमिडपेक्षा उंच, त्या काळी जगातली सर्वांत उंच इमारत. 1548 मध्ये वादळात तो कळस कोसळला आणि परत कधीच बांधला गेला नाही. आज मनोरा आहे तो 83 मीटरचा. लिंकनचं दैव एव्हाना फिरलं होतं. मध्ययुगात हे शहर लोकरीवर श्रीमंत झालं. इथलं लाल आणि हिरवं कापड लांबवर नावाजलेलं. 1369 मध्ये लोकरीच्या निर्यातीचं अधिकृत केंद्र लिंकनशायरमधल्याच बोस्टन बंदराकडे गेलं, आणि शहराची कमाई आटत गेली. कळस पडला तेव्हा तो परत उभारण्याइतकं बळ उरलं नव्हतं.

पूर्वेकडचा भाग म्हणजे एंजल क्वायर, 1256 ते 1280 मधलं काम. वर कमानींच्या कोपऱ्यांत दगडी देवदूत, आणि दोन कमानींमध्ये, अगदी उंचावर, पाय पायावर टाकून बसलेलं एक छोटं भूत: लिंकन इम्प. सैतानानं दोन चेटके इथे धाडले, त्यांनी धुडगूस घातला, देवदूतानं एकाला दगड करून टाकलं, अशी दंतकथा. शहराच्या फुटबॉल संघाला लोक 'इम्प्स' म्हणतात, दरवाजांच्या कड्यांवरही तोच दिसतो. तो सहज सापडत नाही. स्वयंसेवकांना विचारा, ते बॅटरीचा झोत टाकतात. याच भागात राणी एलेनॉरची समाधी आहे. 1290 मध्ये ती लिंकनजवळच्या हार्बी गावी वारली. आतडी इथे पुरली आणि देह लंडनला नेला; वाटेत जिथे जिथे मुक्काम पडला तिथे राजा पहिल्या एडवर्डनं क्रूस उभारले, एकूण 12. पहिला लिंकनचा. त्याचा एक तुकडा किल्ल्याच्या आवारात ठेवलाय.

दक्षिणेच्या बाजूला एक मोडकी समाधी आहे, लहान मुलाच्या मापाची. 1255 मध्ये ह्यू नावाच्या एका लहान मुलाचं प्रेत विहिरीत सापडलं. ज्यूंनी त्याचा बळी दिला अशी आवई उठली. राजा तिसऱ्या हेन्रीनं ती खरी मानली आणि 19 ज्यूंना मृत्युदंड दिला. मुलाला लोक संत मानू लागले, समाधीला यात्रेकरू येऊ लागले. 1290 मध्ये तर इंग्लंडमधल्या सगळ्याच ज्यूंना हाकलून दिलं गेलं. आज समाधीशेजारी कॅथीड्रलनं लावलेला फलक आहे. युरोपभर अशा रचलेल्या गोष्टींमुळे निरपराध ज्यूंचे प्राण गेले, आणि यात ख्रिस्ती समाजाला भूषणावह काही नाही, असं त्यावर स्पष्ट लिहिलंय; शेवटी क्षमेची प्रार्थना आहे. मी फलक दोनदा वाचला. ज्या भिंतींच्या आत ते खोटं पूजलं गेलं, त्याच भिंतींच्या आत ते खोटं होतं असं लिहून लावायचं, याला धैर्य लागतं. आपण आपल्या इतिहासातल्या अशा जागांपाशी काय लिहून लावतो, यावर मी आणि भाची नंतर जेवताना बराच वेळ बोललो.

दुपारी पाऊस पूर्ण थांबला. बाहेर हिरवळीवर मान वर करून उभे असलेले काही लोक दिसले. मनोऱ्यावर बहिरी ससाण्यांचं घरटं असतं. आमच्यासमोर एक ससाणा कबुतरांच्या थव्यावर असा सुटला की सगळ्या गर्दीच्या तोंडून एकच आवाज निघाला. मागच्या बाजूला पाथरवटांची कार्यशाळा आहे. चुनखडीचा हा दगड वाऱ्या-पावसानं झिजतो, त्यामुळे इथे दुरुस्ती कधी संपतच नाही. इमारतीच्या कुठल्या ना कुठल्या भागाला परांची असणारच. फोटोत ती येते म्हणून हिरमुसू नका. तिच्यामुळेच बाकीचं उभं आहे.

संध्याकाळच्या प्रार्थनेला, इव्हन्साँगला, जरूर बसा. बहुतेक दिवस साडेपाचच्या सुमारास असते, तिकीट लागत नाही, कुठल्याही धर्माच्या माणसाला मज्जाव नाही. वेळ मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा. चौदाव्या शतकातल्या कोरीव लाकडी आसनांत आपल्याला बसवतात आणि मुलं-मोठे मिळून गातात. विल्यम बर्ड हा पुढे इंग्लंडचा थोर संगीतकार झालेला माणूस 1563 ते 1572 या काळात इथे ऑर्गनवादक होता. 1569 मध्ये कॅथीड्रलनं त्याचा पगार काही काळ रोखला होता. त्याच्या वादनाच्या पद्धतीवरूनच वाजलं असावं असं अभ्यासक मानतात. त्या दिवशी शेवटी ऑर्गन सुरू झाला तेव्हा बाकाचं लाकूड हाताखाली थरथरलं.

मग स्टीप हिल उतरलो. दगडी फरशी ओली होती. पकड असलेले बूट घालाच. दोन्ही बाजूंना पुस्तकांची, चहाची, चीजची लहान लहान दुकानं, पुढे आलेले लाकडी मजले. उताराच्या खालच्या अंगाला द ज्यूज हाउस, बाराव्या शतकातलं दगडी घर, कोरीव दरवाजासकट. ज्यूंना हाकलण्याच्या वर्षीच इथल्या बेलासेट नावाच्या बाईला, नाण्यांच्या कडा कातरल्याचा आरोप ठेवून, फाशी दिलं गेलं आणि घर जप्त झालं. दुपारी फलक वाचला नसता तर मी त्या दाराचा फोटो काढून पुढे गेले असते. भाची इथून रोज जाते. ती म्हणाली, "मावशी, मला हे घर नुसतं सुंदर वाटायचं."

रविवार: किल्ला, आणि एक लोखंडी मनोरा

लख्ख ऊन. किल्ला कॅथीड्रलच्या अगदी समोर. 1068 मध्ये नॉर्मन राजा विल्यमनं बांधायला घेतला तेव्हा त्याच्यासाठी 166 घरं पाडली गेली अशी नोंद आहे. आवारात जायला पैसे पडत नाहीत. तटावरची फेरी, तुरुंग आणि मॅग्ना कार्टाचं, म्हणजे राजा जॉनच्या 1215 च्या हक्कांच्या सनदेचं, दालन यांना तिकीट लागतं. तटावरून पूर्ण फेरी मारता येते आणि कॅथीड्रलची पश्चिम बाजू सर्वांत छान इथूनच दिसते. सकाळी लवकर चढा, ऊन तुमच्या बाजूनं नसलं तरी गर्दी नसते.

तटावर मला भेटलेली खरी व्यक्ती म्हणजे निकोला दे ला हे, या किल्ल्याची किल्लेदारीण. किल्लेदारी तिला वडिलांकडून आली. 1216 मध्ये राजा जॉन इथे आला तेव्हा, आता वय झालं म्हणून, तिनं किल्ल्या त्याच्यापुढे धरल्या. त्यानं त्या परत तिच्याच हाती दिल्या, आणि मरण्याच्या सुमारास तिला या परगण्याचं शेरीफपदही, म्हणजे राजाच्या वतीनं कारभार पाहण्याचं काम, दिलं. पुढच्या वर्षी फ्रेंच राजपुत्राच्या बाजूच्या बंडखोरांनी शहर घेतलं आणि किल्ल्याला वेढा घातला. साठीच्या आसपासच्या या बाईनं तो सोडला नाही. 20 मे 1217 रोजी राजाच्या बाजूचा सत्तरीतला सेनानी विल्यम मार्शल फौज घेऊन आला आणि वेढा फुटला. विजयी सैन्यानं शहर असं लुटलं की लढाईला नाव पडलं 'लिंकनची जत्रा'. चारच दिवसांत तिचं शेरीफपद नव्या बाळराजाच्या काकाला दिलं गेलं. ती दरबारात जाऊन भांडली आणि किल्ला तिनं परत मिळवला. ही हकिगत ऐकताना भाचीनं हेडफोन कानाला इतका दाबून धरला होता की तिला दोनदा हाक मारावी लागली.

मॅग्ना कार्टा तळघरातल्या अंधाऱ्या दालनात आहे. 1215 च्या ज्या फक्त चार प्रती उरल्यात त्यांतली ही एक; दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक सॉल्झबरीला. चर्मपत्राचा एक तुकडा, त्यावर बारीक लॅटिन अक्षरं, ओळीला ओळ लागलेली. लिंकनचा तेव्हाचा बिशप राजासमोर हजर होता. तिथून ही प्रत इथे आली. राजालाही कायद्याच्या चौकटीत राहावं लागेल, न्याय कुणालाही विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही, हे त्यात आहे. 1939 मध्ये ती न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी गेली होती, तेवढ्यात महायुद्ध पेटलं, मग युद्धकाळात ती अमेरिकेच्या सोन्याच्या साठ्याशेजारी फोर्ट नॉक्सला ठेवली गेली. तिच्याच बाजूला 1217 ची वनसनद आहे. तिच्याकडे लोक थोडं दुर्लक्ष करतात, ते करू नका. मॅग्ना कार्टा मुख्यतः सरदार-उमरावांची. वनसनदेत सामान्य माणसाला जंगलात गुरं चारायचा, सरपण घ्यायचा हक्क आहे. ज्यांनी आपल्याकडच्या जंगलहक्कांच्या लढाया जवळून पाहिल्यात, त्यांना त्या कागदापाशी थांबावंसं वाटेल.

1848 ते 1878 या काळातला तुरुंगही बघण्यासारखा आहे, आणि जड आहे. कैद्यानं दुसऱ्या कैद्याशी बोलायचं नाही, त्याला बघायचंही नाही, असा नियम होता. प्रार्थनागृहात प्रत्येकाला उभ्या लाकडी खोक्यात कोंडायचे. दिसायचा तो फक्त पाद्री. त्या खोक्यात उभं राहता येतं. मी काही क्षणांतच बाहेर आले. फाशी दिलेल्यांच्या कबरी लूसी टॉवरमध्ये आहेत: गवतात लहान दगड आणि त्यांवर नुसती आद्याक्षरं. याच आवारातल्या 1826 च्या इमारतीत आजही क्राउन कोर्ट भरतं.

दुपारी बेलगेटवर प्लम ब्रेड खाल्ला. यात प्लम नसतात. मनुका, बेदाणे असतात. लोणी लावून वर लिंकनशायर पोचर नावाच्या कडक चीजचा काप ठेवून खातात. गोड आणि खारट एकत्र छान लागतं. शाकाहारी असाल तर आधी विचारा. पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते, पण लोण्याचाही मिळतो.

नंतर बसनं कॅनिक हिलवर गेलो. समोरच्या या टेकडीवर 2018 मध्ये इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर सुरू झालं. बॉम्बर कमांड म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा बॉम्बफेकी विमानांचा विभाग. दुसऱ्या महायुद्धात लिंकनशायरच्या सपाटीवर विमानतळांची दाटी होती. रात्री निघणाऱ्या आणि पहाटे परतणाऱ्या वैमानिकांची खूण म्हणजे कॅथीड्रलचे मनोरे. इथला गंजल्या रंगाचा पोलादी मनोरा 31.09 मीटर उंच आहे, लँकेस्टर विमानाच्या पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीइतका. त्याच्याभोवती भिंतींवर बॉम्बर कमांडच्या मृतांची नावं कोरली आहेत, जवळपास 58,000. संग्रहालयात ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्या लोकांच्या आठवणीही ठेवल्या आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. एक वयस्क गृहस्थ एका नावावर बोट फिरवत उभे होते. भाऊ का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं. त्यांनी आपणहून सांगितलं, "वडील. मी सहा महिन्यांचा होतो."

सोमवार: चांभाराचा मुलगा

शेवटचा दिवस भाचीचा. तिनं मला आधी स्टेशनसमोरच्या पुतळ्यापाशी नेलं: मुलांना शिकवणारा जॉर्ज बूल. संगणक ज्या बीजगणितावर चालतात ते या माणसाचं. हा लिंकनचा, 1815 चा जन्म, वडील जोडे शिवायचे आणि दुर्बिणी बनवायचा त्यांना नाद. पैशाअभावी बूल विद्यापीठात गेला नाही. गणित स्वतःच शिकला, सोळाव्या वर्षी मास्तर झाला, विशीच्या आत लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. 1849 मध्ये, एकही पदवी नसताना, आयर्लंडमधल्या कॉर्कला प्राध्यापक म्हणून गेला. खरं-खोटं, होय-नाही यांचं गणित त्यानं मांडलं, आणि 1937 मध्ये क्लॉड शॅननं दाखवलं की विजेच्या स्विचांची मांडणी याच गणितानं करता येते. त्याची बायको मेरी ही भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी, आणि स्वतः गणित शिकवण्यावर लिहिणारी. ज्यांचं नाव शिखराला दिलं तेच हे एव्हरेस्ट.

"आमच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात हा येतो," भाची म्हणाली. "पण इथे येईपर्यंत मला तो माणूस वाटलाच नव्हता." घरापासून इतक्या दूर एकटीनं शिकणाऱ्या मुलीला या पुतळ्याचा आधार वाटतो, हे तिच्या बोलण्यातून कळत होतं.

तिथून हाय ब्रिज. साधारण 1160 चा हा दगडी पूल, आणि त्याच्यावर सोळाव्या शतकातली काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींची घरं. रस्त्यावरून चालताना आपण पुलावर आहोत हे कळतसुद्धा नाही. बाजूच्या पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला जा, तिथून कमान दिसते. वर कॅफेत खिडकीशी बसलो; खालून हंस एकामागून एक कमानीत शिरत होते.

ब्रेफर्ड तळ्याच्या काठी विद्यापीठ आहे. रोमन काळापासूनचं हे बंदर. इथून ट्रेंट नदीकडे जाणारा फॉसडाइक कालवा रोमनांनी खोदला असं परंपरेनं मानतात. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात इथे यंत्रांचे कारखाने होते. जगातल्या पहिल्या रणगाड्याचा नमुना 1915 मध्ये लिंकनच्याच एका कारखान्यात तयार झाला. पुढे कारखाने मंदावले. 1996 मध्ये राणीच्या हस्ते काठावरच्या पहिल्या इमारतीचं उद्घाटन झालं आणि शहराला पुन्हा तरुण माणसं मिळाली. विद्यापीठाचं ग्रंथालय रेल्वेच्या जुन्या मालगोदामात आहे. भाचीची आवडती जागा वरच्या मजल्यावर. तिथल्या खिडकीतून कॅथीड्रल दिसतं. तिच्या मैत्रिणी भेटल्या, एक नायजेरियाची, एक केरळची. केरळच्या मुलीनं डब्यातला लेमन राइस पुढे केला, आणि गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

जाणार असाल तर किमान दोन रात्री वर राहा. मे-जून उत्तम, हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो. गुडघे कुरकुरत असतील तर खालून वर छोटी बस जाते, परत येताना मात्र स्टीप हिल पायीच उतरा. आमचा मध्ययुगीन बिशप्स पॅलेस राहिला, अशर गॅलरी राहिली, आणि गुराख्याचं स्टो गाव तर पुढच्या वेळी नक्की. तिथलं जुनं चर्च बघायला भाचीनं सायकली भाड्यानं घ्यायचं ठरवून टाकलंय.